चर्चा: ॲश्टन जेंटीच्या 374 कॅरी. बॉइसी स्टेटने त्याला गरजेपेक्षा जास्त राबवले का?

उत्तरपेठ

2024 च्या हंगामात बॉइसी स्टेट विद्यापीठाचा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) ॲश्टन जेंटी याने 14 सामन्यांत 374 कॅरीमध्ये 2,601 यार्ड मिळवले. ओक्लाहोमा स्टेटच्या बॅरी सँडर्सचा 1988 चा 2,628 यार्डांचा विक्रम मोडायला त्याला अवघे 28 यार्ड कमी पडले. अमेरिकन फुटबॉल नियमित न पाहणाऱ्यांसाठी सांगतो की, चेंडू हातात घेऊन बचावफळीत घुसण्याच्या एका प्रयत्नाला कॅरी म्हणतात. ती बहुतेक वेळा समोरच्या संघातील एक-दोन धिप्पाड खेळाडूंनी अंगावर येऊन पाडल्यावरच संपते. म्हणून रनिंग बॅकने किती काम केले हे यार्डांवरून कळत नाही, ते कॅरींवरून कळते.

जेंटीच्या हंगामाचे सरळ दोन तुकडे पडतात. पहिल्या पाच सामन्यांत त्याने 20, 25, 11, 26 आणि 13, म्हणजे एकूण 95 कॅरी केल्या, सरासरी 19. पोर्टलंड स्टेट आणि युटा स्टेट यांच्याविरुद्ध तर मध्यंतरानंतर तो मैदानात उतरलाच नाही. ऑक्टोबरच्या मध्यावर हवाईविरुद्धच्या सामन्यापासून मात्र हा हात आखडता घेण्याचा प्रकार संपला आणि पुढच्या नऊ सामन्यांत 279 कॅरी झाल्या, म्हणजे सामन्यामागे नेमक्या 31. प्रत्येक कॅरीमागचे यार्ड पहिल्या तुकड्यात जवळजवळ 10.9 होते, ते दुसऱ्या तुकड्यात 5.6 वर आले.

अटीतटीच्या सामन्यात हुकमी खेळाडूलाच चेंडू द्यावा लागतो, याबद्दल माझे काही म्हणणे नाही. मला खटकतात ते दोन सामने. सान डिएगो स्टेटविरुद्ध 56-24 असा दणदणीत विजय मिळाला, तरी त्या दिवशी त्याच्या 31 कॅरी झाल्या. ओरेगन स्टेटविरुद्ध 34-18 असा निकाल लागला आणि तिथे हंगामातल्या सर्वाधिक 37 कॅरी झाल्या, तेही माउंटन वेस्टच्या (बॉइसी तेव्हा ज्या परिषदेत, म्हणजे विद्यापीठ संघांच्या गटात, खेळत होती तिच्या) अजिंक्यपदाचा सामना आठवड्यावर आलेला असताना. प्रशिक्षक स्पेन्सर डॅनियलसन यांनी सप्टेंबरमध्ये जे तारतम्य दाखवले, ते नोव्हेंबरमध्ये, म्हणजे शरीराला त्याची खरी गरज असताना, का दाखवले नाही, हा माझा प्रश्न आहे. चुरस नसलेल्या सामन्यांत 20 ते 22 कॅरींची मर्यादा आधीच ठरवून ठेवायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

निळे मैदान

मी गेली काही वर्षे बॉइसीत राहतो. (गावकरी 'बॉइसी' असाच उच्चार करतात, 'बॉइझी' म्हटले की माणूस बाहेरचा आहे हे लगेच कळते.) धागाकर्त्यांची आकडेमोड बरोबर आहे, पण ती सामन्यांच्या अंतिम निकालावर उभी आहे. प्रशिक्षकाला निर्णय घ्यावा लागतो तो सामना चालू असताना, आणि 56-24 हा आकडा त्याला पहिल्या सत्रात दिसत नसतो.

त्या वर्षीची परिस्थितीही लक्षात घ्यायला हवी. बारा संघांच्या प्लेऑफचे, म्हणजे राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीचे, ते पहिलेच वर्ष होते. परिषदविजेत्यांपैकी क्रमवारीत वरच्या चार संघांना पहिल्या फेरीतून सूट मिळणार होती. ओरेगनकडून 34-37 असा निसटता पराभव सप्टेंबरमध्येच झाला होता, त्यामुळे माउंटन वेस्टसारख्या दुय्यम समजल्या जाणाऱ्या परिषदेतील संघाला आणखी एक पराभव परवडणारा नव्हता. लास वेगासमध्ये यूएनएलव्हीवर पाच गुणांनी, नेवाडावर सात गुणांनी आणि वायोमिंगवर चार गुणांनी, असे हे विजय आहेत. प्लेऑफचे संघ ठरवणाऱ्या निवड समितीसमोर नुसते जिंकून भागत नाही, तिच्या मनात शंका राहणार नाही असे जिंकावे लागते. अखेर बॉइसीला तिसरे मानांकन आणि थेट उपान्त्यपूर्व फेरी मिळाली. त्या सुटीमुळे 6 डिसेंबर ते 31 डिसेंबर असे तब्बल 25 दिवस जेंटीला विश्रांती मिळाली. म्हणजे ज्या कॅरी तुम्हाला वाया गेलेल्या वाटतात, त्यांच्या बळावरच ही विश्रांती पदरात पडली.

आणखी एक गोष्ट. पर्याय म्हणून ज्याच्याकडे पाहिले जात होते, तो नवखा सायर गेन्स हंगामाच्या सुरुवातीलाच जायबंदी झाला. रिकाम्या बाकावर बोट ठेवून 'याला खेळवा' म्हणता येत नाही.

ताळेबंद

कॅरीमागचे यार्ड 10.9 वरून 5.6 वर आले याचे कारण थकवा आहे, असे मूळ लेखात सुचवलेले दिसते. हा निष्कर्ष घाईचा आहे. ऑक्टोबरपर्यंत जेंटीचे नाव हाइजमन पुरस्कारासाठी (कॉलेज फुटबॉलमधील वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा सन्मान) देशभर घेतले जाऊ लागले होते आणि समोरचे संघ पुढच्या फळीत आठ-नऊ जण उभे करून फक्त त्याचीच वाट अडवत होते. थकवाच कारणीभूत असता तर 25 दिवसांच्या विश्रांतीनंतर तो फिएस्टा बोलमध्ये, म्हणजे 31 डिसेंबरच्या उपान्त्यपूर्व सामन्यात, ताजातवाना दिसायला हवा होता. तिथे पेन स्टेटच्या बचावापुढे 30 कॅरींत 104 यार्ड, म्हणजे जेमतेम साडेतीनची सरासरी पडली, चेंडूही हातून निसटला आणि बॉइसीने सामना 14-31 असा गमावला. उलट नोव्हेंबरच्या चौथ्या आठवड्यात, म्हणजे तुमच्या हिशेबाने तो पुरता दमलेला असताना, वायोमिंगविरुद्ध त्याने 19 कॅरींत 169 यार्ड काढले. अजिंक्यपदाच्या सामन्यात त्याने 75 यार्डांची जी एक धाव घेतली, ती दमलेल्या पायांची धाव नव्हती.

उत्तरपेठ

ताळेबंद यांचा मुद्दा मान्य आहे. सरासरी घसरण्याचे श्रेय किंवा दोष एकट्या थकव्याला देता येणार नाही, आणि माझे ते वाक्य सैल होते. पण त्यामुळे माझी बाजू कमकुवत होत नाही, उलट बळकट होते. समोर नऊ जण उभे आहेत हे दिसत असूनही तुम्ही त्याच माणसाला तिथेच एकतीस वेळा घुसवत असाल, तर प्रत्येक कॅरी आधीपेक्षा अधिक मार खाणारी ठरते. वायोमिंगविरुद्ध दुसऱ्या तुकड्यातील सर्वात कमी कॅरी आणि सर्वोत्तम सरासरी एकत्र आली, ही गोष्ट तुम्हीच पुढे ठेवली आहे.

गुडघेदुखी

मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे, खेळाडूंवर उपचार करते, आणि कॅरींच्या मर्यादेची ही कल्पना मला कागदावर ठीक पण मैदानावर भाबडी वाटते. साउथ कॅरोलायनाच्या मार्कस लॅटिमोरचे उदाहरण पाहावे. ऑक्टोबर 2012 मध्ये टेनेसीविरुद्ध त्याचा उजवा गुडघा निखळला, तेव्हा त्या हंगामात त्याच्या दीडशे कॅरीही झालेल्या नव्हत्या. पुढच्या वर्षी एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या निवडीत, चौथ्या फेरीत त्याची निवड झाली खरी, पण तिथला एकही सामना न खेळता त्याला निवृत्त व्हावे लागले. पाय जमिनीत रुतलेला आहे आणि त्याच क्षणी बाजूने धडक बसली, एवढे त्या गुडघ्याला पुरेसे असते. ती त्या दिवसाची सहावी कॅरी आहे की छत्तिसावी, हे अस्थिबंधाला ठाऊक नसते.

भार मोजायचाच असेल तर तो आठवड्याचा मोजावा. आज मोठ्या विद्यापीठांतले खेळाडू दोन्ही खांद्यांच्या मधोमध, बनियनच्या छोट्या खिशात, जीपीएसचे यंत्र घालून सराव करतात. किती अंतर पळाला, किती वेळा एकदम वेग घेतला, किती वेळा एकदम थांबला, हे सगळे त्यातून समजते. शनिवारी 34 कॅरी झाल्या असतील तर मंगळवार आणि बुधवारच्या सरावात त्याला कोणी हात लावायचा नाही, अर्ध्या कवायती त्याने बाजूला उभे राहून पाहायच्या, झोप आणि आहार यांची नोंद ठेवायची, हे खरे भारनियोजन. शिवाय रनिंग बॅकचे काम कॅरीने संपत नाही. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला वाचवण्यासाठी धावत येणाऱ्या लाइनबॅकरला, म्हणजे बचावफळीतल्या खेळाडूला, छातीवर घ्यावे लागते, आणि तो मार कॅरींच्या रकान्यात कुठेच दिसत नाही.

उत्तरपेठ

लॅटिमोरची दुखापत हा योगायोगाचा घाव होता, हे बरोबर. पण घाटातून जितक्या फेऱ्या माराव्यात, तितकी दरड अंगावर येण्याची शक्यता वाढते. कोणत्या फेरीला दरड कोसळेल हे सांगता येत नाही, म्हणूनच बिनकामाच्या फेऱ्या टाळायच्या असतात. सरावातील सवलतीबद्दल मी पूर्ण सहमत आहे, पण मंगळवारी वाचवलेले शरीर शनिवारी जिंकून झालेल्या सामन्यात उधळायचे असेल, तर ती बचत कशासाठी?

स्वल्पविराम

बुमराचे उदाहरण कोणी कसे दिले नाही? 2025 च्या इंग्लंड दौऱ्यात तो पाचपैकी तीनच कसोट्या खेळेल हे आधीच ठरवले गेले आणि तसेच झाले. एका देशाचा संघ हे करू शकतो, तर विद्यापीठाला काय अडचण आहे?

गुडघेदुखी

तुलना फारशी लागू पडत नाही. बुमराच्या पाठीवर 2023 मध्ये शस्त्रक्रिया झालेली आहे, आणि त्याच्या पाठीवर येणारा ताण त्याच्या स्वतःच्या गोलंदाजीतून येतो. त्यामुळे षटके मोजली की भार बऱ्यापैकी मोजला जातो. रनिंग बॅकला बसणारा मार समोरच्या माणसाच्या मर्जीवर असतो. शिवाय ती कसोटी मालिका पाच सामन्यांची होती आणि एक कसोटी हरली तरी पुढची शिल्लक राहते. कॉलेज फुटबॉलमध्ये दोन पराभव म्हणजे बॉइसीसारख्या संघाचे वर्ष जवळजवळ संपलेच.

कोरडवाहू

तुम्ही सगळे तंत्राबद्दल बोलत आहात, मला हा मुळात श्रमाचा प्रश्न वाटतो. शाळा सोडून तीन वर्षे झाल्याशिवाय एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये उतरता येत नाही, म्हणजे जेंटीला 2024 चा हंगाम संपेपर्यंत तिकडे जाण्याची सोयच नव्हती. नाव आणि प्रतिमेच्या जाहिरातींतून कमावण्याची मुभा 2021 पासून आहे, पण विद्यापीठाने खेळाडूला थेट उत्पन्नातला वाटा देण्याचा मार्ग मोकळा झाला तो जून 2025 मधील न्यायालयीन तडजोडीनंतर. ज्या हंगामाने विद्यापीठाला प्लेऑफमध्ये नेले, त्या हंगामाची मजुरी विद्यापीठाने त्याला थेट दिलेली नाही. रनिंग बॅकची कारकीर्द आधीच आखूड असते. दुसरा करार करण्याची वेळ येते तेव्हा तो पंचविशी-सव्विशीचा झालेला असतो आणि मालकमंडळी त्याच्या पायांत किती कॅरी झाल्या आहेत ते मोजत बसतात. 2007 मध्ये सेंट्रल फ्लोरिडाच्या केविन स्मिथने एका हंगामात 450 कॅरी केल्या, 2,567 यार्ड मिळवले, आणि तरी ड्राफ्टमध्ये तो तिसऱ्या फेरीपर्यंत थांबला.

याउलट ओहायो स्टेटने 2024 मध्येच क्विनशॉन जडकिन्सला 194 आणि ट्रेव्हेयन हेंडरसनला 144 कॅरी दिल्या, दोघांनीही हजार यार्ड ओलांडले, संघ राष्ट्रीय विजेता झाला आणि दोघेही दुसऱ्या फेरीत निवडले गेले. काम वाटून घेतल्याने कोणाचेही नुकसान झाले नाही.

निळे मैदान

ओहायो स्टेटकडे दोन जडजवाहीर होते, म्हणून त्यांनी दोन्ही हातांत अंगठ्या घातल्या. बॉइसीचे दुकान लहान आहे. आणि 'कोणाचेही नुकसान झाले नाही' म्हणताना हेही पाहा की जेंटी ड्राफ्टमध्ये सहावा निवडला गेला. एनएफएलमधील लास वेगास रेडर्सने त्याच्याशी चार वर्षांचा सुमारे 3.6 कोटी डॉलरचा करार केला, आणि वाटून खेळणाऱ्या दोघांना त्याच्या आसपासही मिळाले नाही. जास्त कॅरींनी माणूस संपतोच असे असेल, तर अलाबामाच्या डेरिक हेन्रीने 2015 मध्ये लागोपाठच्या दोन शनिवारी 46 आणि 44 कॅरी केल्या होत्या. तोच हेन्री 2024 मध्ये वयाच्या तिशीत बाल्टिमोरसाठी 1,921 यार्ड धावला.

ताळेबंद

हेन्री हे अपवादात्मक शरीर आहे आणि टिकलेल्यांचीच नावे आपल्याला आठवतात, त्यामुळे त्याच्यावर फार भर देऊ नये. मात्र एक जुळणी मला गमतीशीर वाटली. फिएस्टा बोलपूर्वी जेंटीच्या बरोबर 344 कॅरी झाल्या होत्या, आणि सँडर्सच्या 1988 च्या अधिकृत नोंदीतही 344 च कॅरी आहेत. फरक इतकाच की सँडर्सने त्या 11 सामन्यांत केल्या. तेव्हा बोल सामन्याचे, म्हणजे हंगामानंतरच्या खास सामन्याचे, आकडे विक्रमात धरत नसत. हॉलिडे बोलमधल्या 29 कॅरी (222 यार्ड) त्यात धरल्या तर सँडर्सच्या 12 सामन्यांत 373 कॅरी भरतात. त्यानंतर तो दहा वर्षे एनएफएलमध्ये खेळला आणि 15,269 यार्ड मिळवून स्वतःच्या मर्जीने थांबला.

उत्तरपेठ

सँडर्सच्या आधीच्या दोन हंगामांकडे पाहायला हवे. तेव्हा तो थर्मन थॉमसच्या मागे राखीव होता, त्यामुळे 1988 मध्ये त्याचे पाय कोरे होते. जेंटीच्या पायांत 2023 च्या 220 कॅरी आधीच होत्या. तुमचे उदाहरण काम वाटून घेण्याच्याच बाजूने बोलते. हेन्रीच्या बाबतीत मी गप्प बसतो, कारण तो कोणत्याच हिशेबात बसत नाही.

निळे मैदान यांचा एक मुद्दा मला मान्य करावा लागेल: सान डिएगो स्टेटचा सामना हातात आला आहे हे नेमके कोणत्या क्षणी कळले, हे निकालाच्या आकड्यावरून मला सांगता येणार नाही. ओरेगन स्टेटविरुद्धच्या 37 कॅरींबद्दलचा माझा आक्षेप मात्र कायम आहे.

निळे मैदान

तो राहू द्या. पण इथल्या लोकांची तक्रार नेमकी उलटी आहे, हे तुम्हाला सांगायला हवे. नेवाडाच्या सामन्याला मी स्टेडियममध्ये होतो. चेंडू सुटण्यापूर्वी बाकीचे रनिंग बॅक गुडघ्यांवर हात टेकून वाकलेले असतात. हा मात्र हात मोकळे सोडून ताठ उभा असतो, बसची वाट पाहत असल्यासारखा. चौतिसाव्या कॅरीलाही तो तसाच उभा होता, आणि आजूबाजूचे लोक त्याला अजून चेंडू द्या म्हणून ओरडत होते. पोर्टलंड स्टेटविरुद्ध 11 कॅरींत 127 यार्ड आणि युटा स्टेटविरुद्ध 13 कॅरींत 186 यार्ड झालेले असताना त्याला बसवून ठेवले. आमच्या शेजारचे आजोबा अजूनही बोटांवर मोजून दाखवतात की, त्या दोनपैकी एका दिवशी त्याला आणखी तीन कॅरी दिल्या असत्या, तर सँडर्सचा विक्रम बॉइसीत आला असता.