माइनक्राफ्टसाठी मॉड कसे निवडावेत?

प्रश्न : माझ्याकडे माइनक्राफ्टची जावा आवृत्ती १.२०.१ असून लॅपटॉपला वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. खेळाचा वेग वाढावा आणि यंत्रे उभारता यावीत, एवढीच अपेक्षा आहे. तर सुरुवात कोणत्या मॉडपासून (खेळात बदल किंवा भर घालणाऱ्या जोडणीपासून) करावी?

उत्तर १ : आधी लोडर, म्हणजे मॉड खेळात चालवणारी प्रणाली, ठरवा : फोर्ज की फॅब्रिक, कारण फोर्जसाठी लिहिलेला मॉड सहसा थेट फॅब्रिकवर चालत नाही. यंत्रांसाठी ‘क्रिएट’ या मॉडला तोड नाही : पाणचक्कीची गती दांड्यांतून आणि दातेरी चाकांतून पुढे जाते आणि भार क्षमतेबाहेर गेला, की सगळी जोडणी जागच्या जागी थांबते. हे जमवण्यातच खरी गंमत आहे.

उत्तर २ : वेगासाठी फॅब्रिकवर सोडियम आणि लिथियम हे मॉड घ्यावेत, पहिला चित्रणाचा भार हलका करतो, तर दुसरा खेळाच्या अंतर्गत हिशेबाचा. फोर्जवर याच आवृत्तीसाठी सोडियमऐवजी एम्बेडियम आहे. सोडियमसोबत ऑप्टिफाइन हा वेग वाढवणारा दुसरा मॉड ठेवू नये, त्या दोघांचे पटत नाही. शेडरचा, म्हणजे प्रकाश-सावल्या खुलवणाऱ्या पण यंत्रावर भार टाकणाऱ्या जोडणीचा, मोह तूर्त टाळलेला बरा.

उत्तर ३ : जुन्या जगात मॉड घालण्यापूर्वी जिथे जग साठवले जाते त्या ‘सेव्हज’ फोल्डरची प्रत काढून ठेवा, कारण मॉड नंतर काढल्यास त्याचे ठोकळे जगातून नाहीसे होतात. क्रिएटसोबत जेईआय हा मॉड अवश्य घ्या. त्यामुळे कोणती वस्तू कशापासून बनते, हे खेळातच दिसते.