आर्क्टिक सर्कलवरून माघारी फिरू नका
अलास्कात डेनाली नॅशनल पार्क बघून झाल्यावर, उत्तरेकडे आर्क्टिक सर्कल ओलांडून जाणाऱ्या डाल्टन हायवेवर जाण्यात अर्थ आहे का, असं एकानं विचारलंय. प्राणी बघायचे असतील तर जाच, पण आर्क्टिक सर्कलच्या पाटीपाशी फोटो काढून परतू नका. खरी मजा अटिगन खिंडीपासून पुढे. तिथल्या उतारांवर बर्फाचे ठिपके वाटले तरी दुर्बीण लावा. बरेचदा त्या डॉल मेंढ्या (पांढऱ्या रानमेंढ्या) निघतात! खिंडीपलीकडच्या सपाटीवर कॅरिबू (उत्तरेकडची मोठी हरणं), आणि नशीब असेल तर सागावानिर्कटोक नदीकाठी मस्कॉक्स (लांब केसांचे, बैलासारखे प्राणी). जून-जुलैत रात्री अकरालाही लख्ख उजेड, त्यामुळे घाई नको. खिंडीच्या अलीकडे लागणाऱ्या कोल्डफूट वस्तीत टाकी फुल करा, पुढे रस्त्याच्या शेवटच्या डेडहॉर्सपर्यंत सुमारे ३८५ किमी पेट्रोल नाही. आणि हो, भाड्याच्या गाडीचा करार नीट वाचा, बऱ्याच कंपन्या हा रस्ता चालवू देत नाहीत.