राखीव फळी आणि संघाची घडण : फिलाडेल्फिया ईगल्सच्या निमित्ताने एक प्रश्न

हडसनकाठ :

नमस्कार मंडळी. चौदा वर्षांपूर्वी न्यू जर्सीत आल्यावर शेजाऱ्यांच्या घरी बसून अमेरिकन फुटबॉल पाहू लागलो, आणि आता हिवाळ्यातला रविवार त्याच्याशिवाय सुना वाटतो. घराजवळचा संघ म्हणून न्यूयॉर्क जेट्सशी नाते जडले. ११ सप्टेंबर २०२३ ची रात्र अजून डोळ्यांसमोर आहे. साऱ्या हंगामाची भिस्त ज्याच्यावर होती, तो क्वार्टरबॅक (पास फेकणारा, आक्रमण चालवणारा खेळाडू) ॲरन रॉजर्स चौथ्याच स्नॅपला, म्हणजे चौथ्याच चालीला, खाली बसला. त्याच्या टाचेमागची शीर तुटली होती. तो सामना जेट्सने जिंकला, पण हंगाम ७ विजय आणि १० पराभवांवर संपला.

आता शेजारच्या फिलाडेल्फियाकडे पाहा. १० डिसेंबर २०१७ रोजी ईगल्सचा कार्सन वेंट्झ गुडघ्याचे लिगामेंट तुटून बाहेर गेला, तेव्हा तो लीगमधील सर्वोत्तम खेळाडूंत गणला जात होता. तरी आठ आठवड्यांनी, ४ फेब्रुवारी २०१८ रोजी, राखीव क्वार्टरबॅक निक फोल्सला घेऊन त्याच संघाने न्यू इंग्लंड पेट्रियट्सला ४१-३३ असे हरवून सुपर बाउल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला.

माझा प्रश्न असा आहे. लीगमधील ३२ संघांना पगाराची मर्यादा सारखीच असते आणि ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक, फेरीवार निवडीत, तर हरलेल्या संघाला आधी निवड करता येते. मग एका संघाची राखीव फळी भक्कम आणि दुसऱ्याची पोकळ का राहते? समालोचक ‘संघसंस्कृती’ हा शब्द वारंवार वापरतात, पण जिंकणाऱ्या प्रत्येकाकडे ती असते आणि हरणाऱ्याकडे नसते असे म्हटले, तर त्या शब्दातून काहीच कळत नाही. जिंकण्याच्या आधी ती कुठे दिसते, हे जाणकारांनी सांगावे.

हिशेबनीस :

आपल्या प्रश्नाचा पहिला भाग हिशेबाचा आहे, म्हणून तिथून सुरुवात करतो. पगारमर्यादा १९९४ पासून लागू आहे; २०२४ मध्ये ती प्रत्येक संघाला २५ कोटी ५४ लाख डॉलर होती. एवढ्यात ५३ खेळाडूंचा संघ बसवायचा असतो. मोजक्या तारांकित खेळाडूंच्या करारांतच मोठा वाटा जातो आणि उरलेल्यांत तीस-पस्तीस जण सांभाळावे लागतात. याचा अर्थ राखीव फळी कोणालाही बाजारातून विकत घेता येत नाही. ती ड्राफ्टमध्ये निवडलेल्या तरुणांतून आणि एकेका वर्षाच्या स्वस्त करारांतूनच उभी करावी लागते. ड्राफ्टमधील खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो आणि त्याची रक्कम निवडीच्या क्रमांकावरून जवळजवळ ठरलेली असते. तेव्हा तिसऱ्या, पाचव्या किंवा सातव्या फेरीतला मुलगा खेळण्याजोगा निघाला, तर संघाच्या हिशेबात तो सोन्यासारखा असतो.

फोल्सचेच उदाहरण घ्या. ईगल्सने २०१७ च्या वसंतात त्याला दोन वर्षांसाठी १ कोटी १० लाख डॉलरचा करार दिला. बाकावर बसणाऱ्या माणसासाठी ही रक्कम कमी नव्हती. ती परवडली, कारण वेंट्झ तेव्हा ड्राफ्टच्या स्वस्त करारावर खेळत होता. मुख्य खेळाडू स्वस्त आहे तोवर त्याच्या मागच्या जागेवर खर्च करावा, हा व्यवस्थापक हॉवी रोझमन यांचा विचार मला फार मोलाचा वाटतो. पुष्कळ संघ त्याच काळात आणखी एखादा तारा आणतात.

यात आणखी एक पेच आहे. ५३ जणांच्या पलीकडे सरावासाठी जो ‘प्रॅक्टिस स्क्वॉड’ असतो, त्यातील खेळाडूला दुसरा कोणताही संघ आपल्या ५३ मध्ये घेऊ शकतो. ईगल्सचा किकर २०१७ च्या पहिल्याच सामन्यात जायबंदी झाला, तेव्हा त्यांनी सिनसिनाटीच्या प्रॅक्टिस स्क्वॉडमधून जेक एलियटला उचलले. आपल्या दुसऱ्याच सामन्यात त्या नवख्याने जायंट्सविरुद्ध अखेरच्या क्षणी ६१ यार्डांवरून गोल मारून सामना जिंकून दिला, आणि सुपर बाउलमधील शेवटचे तीन गुणही त्याचेच. ईगल्सला मिळालेला हा लाभ दुसऱ्या कोणाचे तरी नुकसान होते, कारण सिनसिनाटीने त्याच वर्षी पाचव्या फेरीतील निवड त्याच्यावर खर्च केली होती. इतरांच्या बाकावर कोण बसले आहे याची नोंद रोजच्या रोज ठेवणे हेही राखीव फळीचेच काम आहे.

डेलावेअरतीर :

हिशेबनीसांनी मांडलेला हिशेब बरोबर आहे, पण त्यातून राखीव खेळाडू मिळतो तेवढाच. तो तयार कसा होतो, हे त्यात येत नाही. मी फिलाडेल्फियात राहतो आणि ईगल्सच्या बाबतीत निःपक्ष नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

त्या हंगामात केवळ वेंट्झ गेला नव्हता. डावा टॅकल (क्वार्टरबॅकचे रक्षण करणाऱ्या ओळीतला कडेचा खेळाडू) जेसन पीटर्स, धावणारा डॅरेन स्प्रोल्स, मधला लाइनबॅकर (बचावाच्या पुढच्या ओळीमागे उभा राहणारा) जॉर्डन हिक्स हे सारे डिसेंबरच्या आधीच हंगामाला मुकले होते. पीटर्सच्या जागी आलेला हॅलापूलिव्हाती व्हायटाय आदल्या वर्षी पाचव्या फेरीत निवडलेला होता, आणि क्वार्टरबॅकची पाठ सांभाळण्याचे काम सुपर बाउलपर्यंत त्यानेच केले.

आता सरावाचे गणित पाहा. खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या करारानुसार नियमित हंगामात पूर्ण पॅड घालून फक्त १४ सराव घेता येतात. आठवड्याच्या सरावातील बहुतेक संधी पहिल्या फळीला मिळतात, आणि दुसरी फळी पुढच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करून आपल्याच संघाला तयारी करून देते. राखीव क्वार्टरबॅक आपल्या संघाच्या चाली खेळण्यापेक्षा दुसऱ्याच्या चाली अधिक खेळतो. अशा स्थितीत तो तयार राहतो तो बैठकीत, चित्रफिती पाहताना आणि सहकाऱ्यांशी बोलतानाच. मुख्य खेळाडूने आपले ज्ञान मोकळेपणाने दिले आणि प्रशिक्षकाने दुसऱ्या फळीच्या चुकाही तितक्याच बारकाईने सुधारल्या, तरच राखीव माणूस तयार होतो. आपण विचारलेली ‘संस्कृती’ मला तरी तिथे दिसते.

फोल्सची सुरुवात चांगली झाली नव्हती, हे आज बरेच जण विसरले आहेत. हंगामाच्या अखेरच्या सामन्यात डलासविरुद्ध त्याचे ११ पैकी ४ पास पोहोचले, मिळाले ३९ यार्ड, आणि ईगल्स ०-६ असे हरले. मुख्य प्रशिक्षक डग पेडरसन यांनी त्यानंतर त्याला वेंट्झच्या साच्यात बसवण्याचा हट्ट सोडला. फोल्सच्या जुन्या, चांगल्या दिवसांतल्या चाली शोधल्या गेल्या आणि झटपट निर्णयाच्या, धाव की पास हे ऐनवेळी ठरवण्याच्या पद्धतीवर खेळ उभा केला गेला. पुढे मिनेसोटाविरुद्ध त्याच फोल्सने ३३ पैकी २६ पास पोहोचवले, ३५२ यार्ड मिळवले आणि ईगल्स ३८-७ ने जिंकले. पेडरसन स्वतः ग्रीन बे संघात ब्रेट फार्वच्या मागे राखीव क्वार्टरबॅक होते. आक्रमणाचे समन्वयक फ्रँक राइक हेही बफलोचे राखीव क्वार्टरबॅक असताना जानेवारी १९९३ मध्ये ३२ गुणांच्या पिछाडीवरून जिंकले होते. बाकावर बसलेल्या माणसाच्या मनात काय चालते, हे त्या दोघांना कोणी सांगावे लागत नव्हते.

सुपर बाउलमधील ती प्रसिद्ध चाल आठवा : मध्यंतरापूर्वी, चौथा डाऊन (म्हणजे शेवटची संधी), गोलरेषा एका यार्डावर. चेंडू मागे दिला सेंटर जेसन केल्सीने, जो सहाव्या फेरीत निवडला गेला होता. तो घेतला कोरी क्लेमंटने, ज्याला ड्राफ्टमध्ये कोणीही निवडले नव्हते. त्याने तो दिला ट्रे बर्टनला, त्यालाही कोणी निवडले नव्हते. आणि बर्टनने फेकलेला चेंडू झेलला राखीव क्वार्टरबॅकने. त्या वर्षीचा संघ कसा बांधला होता, ते या एका चालीत मावते.

लालमाती :

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियमवर पेठापेठांच्या तालमींचे संघ खेळतात तो. अमेरिकन फुटबॉल मी मुलाच्या नादाने चार वर्षांपासून पाहतो. त्यामुळे अधिकाराने बोलत नाही, पण डेलावेअरतीर यांच्या म्हणण्यातला एक धागा मला ओळखीचा वाटला.

वस्ताद पठ्ठ्याला सगळे डाव शिकवतो, पण एक डाव स्वतःपाशी राखून ठेवतो, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. कारण उघड आहे : शिकलेला पठ्ठ्या उद्या आपल्यालाच आव्हान देईल, ही धास्ती. व्यावसायिक संघात तर ही धास्ती पोटापाण्याची असते. मागच्या मुलाला आपण घडवले आणि तो स्वस्तात मिळतो आहे असे व्यवस्थापकाला दिसले, की आपला करार संपलाच. तरीही केल्सीने तो एक डाव राखून ठेवला नाही. २०२२ मध्ये ईगल्सने दुसऱ्या फेरीत कॅम जर्गन्स या सेंटरला निवडले, म्हणजे केल्सीच्याच जागेचा वारस निवडला, आणि त्या निवडीआधी केल्सीचे मतही घेतले होते. पुढची दोन वर्षे जर्गन्स त्याच्या हाताखाली शिकला. दुसऱ्या वर्षी तर त्याच्याच शेजारी गार्ड म्हणून खेळला. मार्च २०२४ मध्ये केल्सी निवृत्त झाला, तेव्हा ती जागा एक दिवसही रिकामी पडली नाही. माझ्या दृष्टीने जिंकण्याच्या आधी दिसणारी संस्कृती ती हीच.

हडसनकाठ :

तिघांचेही मनापासून आभार. लालमाती यांचा वस्तादाचा दाखला मी आज दिवसभर घोळवत होतो. पण मग एक अडचण उभी राहते. केल्सी आणि जर्गन्स दोघेही असताना २०२३ चे ईगल्स १० विजय आणि १ पराभव या स्थितीतून घसरले, शेवटच्या सहापैकी पाच सामने हरले आणि बाद फेरीत टॅम्पा बेकडून ९-३२ असा मार खाऊन परतले. संस्कृती इतकी मुरलेली होती, तर ती सहा आठवड्यांत कुठे गेली? शिवाय राखीव माणूस फार चांगला असणे हेही कधी विष ठरते. २०२० मध्ये त्यांनी दुसऱ्या फेरीत जेलन हर्ट्सला घेतले आणि वर्षभरात वेंट्झ संघ सोडून गेला.

डेलावेअरतीर :

दोन्ही आक्षेप योग्य आहेत आणि दुसऱ्यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. वेंट्झला २०१९ मध्ये मोठा करार दिल्यावर लगेच हर्ट्सला घेणे खेळाच्या दृष्टीने शहाणपणाचे ठरले, पण माणूस म्हणून वेंट्झला ते झोंबले असणार. त्याला सोडताना संघाच्या पगारमर्यादेतून ३ कोटी ३८ लाख डॉलर वाया गेले. इथे राखीव फळी आणि परस्परविश्वास एकमेकांच्या आड आले. दोन्ही आपोआप हातात हात घालून चालतात, असे मानणारा फसेल.

२०२३ बद्दल मात्र माझे मत ठाम आहे. आक्रमणाची ओळ तेव्हाही शाबूत होती. बिघडली ती बचावाची बाजू. तिथले लाइनबॅकर आणि मागच्या फळीतील खेळाडू वयाने थकलेले किंवा कच्चे होते, आणि डिसेंबरमध्ये चाली ठरवण्याचे काम एका प्रशिक्षकाकडून काढून दुसऱ्याकडे देण्यात आले. खेळाडूंना कोणाचे ऐकायचे हेच उमगेनासे झाले, असे सामने पाहताना जाणवत होते. संस्कृती संपूर्ण संघाला एकसारखी लागत नाही. ती एकेका खोलीत, म्हणजे एकत्र बैठकीला बसणाऱ्या एकेका गटात, एकेका प्रशिक्षकापाशी असते. आक्रमणाच्या ओळीची खोली २०१३ पासून जेफ स्टाउटलंड यांच्या हाती राहिली; मुख्य प्रशिक्षक बदलत गेले, ते टिकले. त्याच खोलीत जॉर्डन मायलाटा घडला. ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळलेला हा तरुण अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना न खेळता २०१८ मध्ये सातव्या फेरीत निवडला गेला. पहिली दोन वर्षे तो मैदानात उतरलाच नाही, आणि पहिल्या फेरीत निवडलेल्या आंद्रे डिलर्डला मागे टाकून त्याने २०२१ मध्ये डाव्या टॅकलची जागा मिळवली. निवडीच्या क्रमांकाकडे न पाहता जागा देणे हे बोलायला सोपे आहे; पहिल्या फेरीची निवड चुकली, असे व्यवस्थापकाला त्यातून कबूल करावे लागते.

बचावाच्या बाजूला अशी खोली २०२४ मध्ये विक फँजिओ आल्यावर तयार झाली. ३५ लाख डॉलरच्या एका वर्षाच्या करारावर आणलेला झॅक बॉन आधी मुख्यतः स्पेशल टीम्समध्ये (किकच्या चालींसाठी उतरणाऱ्या तुकडीत) खेळत असे. फँजिओ यांनी त्याला मधल्या लाइनबॅकरची जागा दिली आणि तो त्या वर्षीच्या सर्वोत्तम संघात निवडला गेला. जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टनविरुद्धच्या उपांत्य लढतीत जर्गन्सची पाठ दुखावलेली होती, म्हणून डावा गार्ड लँडन डिकरसन सेंटर झाला आणि त्याच्या जागी तिसऱ्या फेरीतला टायलर स्टीन आला. पुढे डिकरसनचा गुडघा दुखावल्यावर जर्गन्स पाठदुखीसह मैदानात उतरला. एवढी अदलाबदल होऊनही ईगल्सनी ५५ गुण केले, आणि दोन आठवड्यांनी सुपर बाउलमध्ये कॅन्सस सिटीला ४०-२२ असे हरवले.

आपल्या जेट्सबद्दल मी टीका करणार नाही, पण एक पाहण्यासारखी जागा सुचवतो. ऑगस्टच्या शेवटी ९० जणांतून ५३ निवडले जातात, त्या आधीच्या सरावसामन्यांचा चौथा क्वार्टर टाळू नका. दुसऱ्या फळीचा सेंटर कोण आहे आणि चूक झाल्यावर बाजूला उभे असलेल्यांपैकी त्याच्याजवळ आधी कोण येऊन बोलते, ते पाहा. येणारा माणूस प्रशिक्षक नसून पहिल्या फळीचा सेंटर असेल, तर मला जरूर कळवा.