पाहुण्यांसाठी थंड, मुरवलेली कोळंबी : तुमचे अनुभव सांगा

शनिवारी व्याही मंडळी जेवायला येतायत, घरचे धरून बारा पानं. रत्नागिरीतला मे महिना, त्यात तव्यापुढे उभं राहून कोळंबी तळायची आणि घाम पुसत पाहुण्यांशी हसायचं, हे यंदा नको. आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवता येईल असं काही हवंय. गेल्या वर्षी कच्चीच कोळंबी सोलून लिंबू, मीठ, मिरची लावून रात्रभर ठेवली होती. सकाळी बाहेरून खडूसारखी पांढरी, आत पिठूळ. घाबरून उकळली तर रबर झाली. तुमचं काय काय झालंय ते सांगा. फसलेलं आधी सांगा.

हर्णे
संध्याकाळच्या लिलावाला बंदरावर जा, किंवा कोळणीकडून वाटा घ्या, पण कोळंबी डोक्यासकट घ्या. डोकं काळवंडलेलं किंवा लोंबायला लागलेलं असलं की पुढे चला, मसाल्यात घालून रश्शाला चालेल एकवेळ, थंड खायला नाही. थंड पदार्थात वास लपत नाही. किलोभर आणली की सोलून जेमतेम अर्धा किलो उरते, हा हिशेब धरा. पाठीतला काळा दोरा काढाच, गार कोळंबीत तो दाताखाली कचकचतो. आणि लवकर करा, 1 जूनपासून 61 दिवस मासेमारीला बंदी आहे.

अलिबाग (हॉटेलात स्वयंपाक करतो)
लिंबाने कोळंबी पांढरी होते, शिजत नाही. आंबटामुळे तिच्यातली प्रथिनं आवळतात, म्हणून शिजल्यासारखी दिसते, पण जंतू मरतातच असं नाही. आपल्या उबदार समुद्रात उन्हाळ्यात व्हिब्रिओ जातीचे जंतू वाढतात. पेरूमध्ये कच्ची मासळी लिंबात घालून खातात ते पाहून मी एकदा घरी केलं होतं. दोन दिवस माझा मुक्काम कुठे होता ते विचारू नका. आता माझी पद्धत अशी : खारट पाणी खळखळू द्यायचं, कोळंबी टाकायची, दोन-तीन मिनिटांत ती गुलाबी होऊन अर्धगोल वळते. तेव्हाच उपसायची. शेपूट डोक्याकडच्या टोकाला भिडून गोल कडं झालं की जास्त शिजली. उपसली की थेट बर्फाच्या पाण्यात, कारण नुसत्या चाळणीत ती आतल्या उष्णतेने शिजतच राहते. गार झाल्यावर निथळून, पुसून, मग मसाला.

मालवण
आमची आजी म्हणायची, "कच्च्या सुंगटांका लिंबू पिळून खाशात तर पोट धरून बसशात." वरच्यांचं शास्त्र तिला एका वाक्यात यायचं.

मी कोकमाचं आगळ लावून ठेवली होती. रंग काय सुरेख येतो! पण आगळात मीठ असतंच हे विसरले आणि उकळताना, मुरवताना, दोन्हीकडे मीठ घातलं. पाहुणे सोलकढीचे पेले रिकामे करत होते, मला वाटलं सोलकढी छान झालीय.

देवगड, आता चिपळूण
नणंद अमेरिकेत दक्षिणेकडे राहते. तिकडे उकडलेली कोळंबी, कांद्याच्या चकत्या, तमालपत्र, मोहरी, व्हिनेगर आणि तेल बरणीत भरून रात्रभर ठेवतात. मी केली तेव्हा माडाचं व्हिनेगर वापरलं, इथवर उत्तम. मग कोकणातली म्हणून अभिमानाने खोबरेल घातलं. सकाळी बरणी उघडली तर मेणबत्ती! थंडीच्या दिवसांत बाटलीत गोठतं ते फ्रिजमध्ये गोठणार नाही तर काय. तिळाचं घाला.

वेंगुर्ला
एवढी यातायात कशाला? किसमूर करा. सुका जवळा निवडून खमंग भाजायचा, ओलं खोबरं, कांदा, मिरची, कोकम. आपला थंड पदार्थ आधीपासून आहेच. फक्त कालवायची पान वाढताना, नाहीतर कांद्याला पाणी सुटून जवळा मऊ पडतो.

गुहागर
लाइट गेली तर? आमच्याकडे ऐन वेळी चार तास गेली होती. तेव्हापासून थर्माकोलच्या खोक्यात बर्फ भरून तयार ठेवतो. आणि पाहुण्यांना आधी विचारा. आमच्या साडूंना कोळंबी खाल्ली की ओठ सुजतात, हे पहिल्या घासानंतर कळलं.

रत्नागिरी, रविवारी
तीन किलो आणली. अलिबागकरांच्या पद्धतीने उकडली. आलं, हिरवी मिरची, कोथिंबीर, तिळाचं तेल आणि माडाचं व्हिनेगर लावून रात्रभर ठेवली. लिंबू वाढायच्या अर्धा तास आधी. कांदा मात्र रात्रीच घातला आणि तो गुलाबी, गोडसर झाला, सगळ्यात आधी तोच संपला. शेजारी किसमूरही होती. विहीणबाईंनी दोनदा मागून घेतली. व्याह्यांनी पहिला घास घेतला आणि हळूच ह्यांना विचारलं, "गरम करायची राहिली का हो?"