प्रति: बोटीच्या छताचं कापड बदलायचं की शिवून घ्यायचं?

पुढच्या पाइपावर कापड फाटलंय आणि बाकी शिवण उसवतेय, म्हणून नवीन छत करावं का असं विचारलंय, तर माझं मत आधी नखाने टाके खरवडून बघा. दोरा सहज तुटला पण कापड दोन्ही हातांनी ताणूनही टिकलं तर नवीन कशाला? उन्हाने बहुतेक वेळा दोराच आधी जातो, कापड नंतर. तेव्हा सगळं छत उतरवून रिक्षाचे हूड शिवणाऱ्याकडे न्या, साध्या टेलरच्या मशीनला चार पदर झेपत नाहीत, आणि जाड पॉलिएस्टरचा यूव्हीवाला (म्हणजे ऊन सोसणारा) दोरा आपणच नेऊन द्या, कॉटनचा अजिबात नको, समुद्रावर तो कुजतो. पाइप घासतो तिथे आतून रेक्झीनची पट्टी मारायला सांगा, नाहीतर पुढच्या सीझनला परत तेच.

कापडच गेलं असेल तर मात्र जुनं छत टाकू नका, उसवून तोच कटिंगचा नमुना. पीव्हीसी ताडपत्री स्वस्त, पाणी अजिबात आत येत नाही पण खाली उकडतं आणि घडीवर चिरते. अ‍ॅक्रिलिक कॅनव्हास महाग पण हवा खेळते, रंगही टिकतो. मालवणच्या उन्हात दिवसभर पर्यटक बसवायचे असतील तर मी अ‍ॅक्रिलिकच घेईन.

आणि हो, बटणं, स्क्रू ३१६ स्टेनलेसचे (खाऱ्या हवेत सहसा न गंजणारं स्टील) घ्या, साध्या लोखंडाच्या गंजाचे डाग कापडावरून सहज निघत नाहीत. चेन प्लॅस्टिकच्या दातांची, त्यावर मेणबत्ती घासायची. पावसाळ्यात बोट वर ओढली की छत गोड्या पाण्याने धुवून पूर्ण वाळवूनच घडी घाला.