पाहुणा पटत नाही म्हणून सभा उधळायची?

दोनापावलकर:
कॉलेजात वादग्रस्त पुढारी आला की फाटकावर घोषणा द्या, काळे झेंडे दाखवा, सभागृहात त्याच्याकडे पाठ करून उभे राहा. माझी काही हरकत नाही. पण ज्यांना ऐकायचंय त्यांनाही ऐकू द्यायचं नाही, ही दांडगाई झाली. आधी ऐकून घ्या, मग प्रश्न विचारा.

अमेरिकेतलं बर्कली विद्यापीठ घ्या. १९६४ साली भाषणस्वातंत्र्याची चळवळ तिथल्या विद्यार्थ्यांनी उभी केली. १ फेब्रुवारी २०१७ ला तिथेच मायलो यानोपोलस या उजव्या बोलभांडाचा कार्यक्रम जाळपोळीमुळे रद्द झाला. त्याचं नावही न ऐकलेल्यांना ते रातोरात कळलं! आणि तीन आठवड्यांच्या आत मुलांच्या लैंगिक शोषणाबद्दलची त्याची जुनी विधानं बाहेर येऊन प्रकाशकानं पुस्तक रद्द केलं. तो बुडाला तो स्वतःच्या तोंडानं.

डिचोलीचा बाप्पा:
बाब, अर्धंच सांगितलंत. दीडेक हजार लोक शांतपणे निदर्शनं करत होते, मोडतोड तोंडं झाकलेल्या दीडशेक जणांनी केली, असं खुद्द विद्यापीठानंच म्हटलं होतं. ते सोयीस्करपणे गाळायचं आणि सगळ्यांना दंगलखोर ठरवायचं.

दुसरं, ‘ऐकून घ्या, मग प्रश्न विचारा’ हे बोलायला सोपं. आपल्याकडचा प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम बघितलाय? प्रश्न चिठ्ठीवर लिहायचा, वर नाव आणि वर्ग. स्टेजच्या कडेला एक सर चिठ्ठ्या चाळतात. ‘आपल्या यशाचं रहस्य काय?’ ती पुढे जाते, खाणींवरची खिशात. लगेच आभार आणि राष्ट्रगीत. मग पोरं फाटकावर ओरडणार नाहीत तर काय करणार?

मडगाव मार्केट:
१८ जून १९४६ विसरलात वाटतं. मडगावात समाजवादी नेते राममनोहर लोहियांना बोलू न देता पोर्तुगीज पोलिसांनी पकडून नेलं. बोलू न देण्याची चीड ज्या गावाला माहीत आहे, तिथल्यांनी तरी दुसऱ्याचा माईक बंद करू नये.

डिचोलीचा बाप्पा:
लोहियांना अडवलं ते सरकारनं, हातात बंदुका असलेल्यांनी. वीस वर्षांच्या पोरींच्या हातात पुठ्ठ्याचे फलक असतात. दोन्ही एकाच तागडीत?

दोनापावलकर:
फलकांपर्यंत ठीकच. पण मार्च २०१७ मध्ये अमेरिकेतल्याच मिडलबरी कॉलेजात काय झालं? वंश आणि बुद्ध्यांकावरच्या लिखाणामुळे वादग्रस्त ठरलेल्या चार्ल्स मरे या लेखकाला सभागृहात बोलू दिलं नाही, आणि बाहेर पडताना गर्दीत जखमी झाल्या प्राध्यापक ॲलिसन स्टँगर. त्याच त्याला अडचणीचे प्रश्न विचारणार होत्या! आणि हे हत्यार एकाच बाजूच्या हातात राहत नाही. दिल्लीत रामजस कॉलेजनं २०१७ सालीच अभाविप या विद्यार्थी संघटनेच्या विरोधानंतर जेएनयूतला विद्यार्थी नेता उमर खालिद याचं निमंत्रण मागे घेतलं. तेव्हा ‘गळचेपी’ म्हणून ओरडणारे आज इथे उधळायला निघालेत.

मडगाव मार्केट:
+१. शिवाय निमंत्रण कुणाला हे विद्यार्थी मंडळाला आधी विचारलं तर अर्धी भांडणं होणारच नाहीत. हल्ली पत्रिका छापून आल्यावर कळतं.

डिचोलीचा बाप्पा:
रामजसचं मान्य, तेही चूकच होतं. पण मिडलबरीच्या त्या बाईंच्या हातात माईक असणार होता. इथे पुढच्या वेळी चिठ्ठ्या चाळणार नाही, पोरांच्या हातात माईक देऊ, असं प्राचार्यांकडून लेखी आणा. मी स्वतः पोरांना आत घेऊन बसतो. नसेल आणता येत, तर फाटक आमचं.