मदत हवी आहे: परकीय मदत तोडल्यानं अणुबॉम्ब थांबला असं एकतरी उदाहरण सांगा न

नमस्कार मंडळी. आमच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धा आहे, विषय 'अणुतंत्रज्ञानाचा प्रसार रोखायचा तर परकीय मदत तोडा', अन चिठ्ठीत माझ्या वाट्याला अनुकूल बाजू आली. लॉ कॉलेज चौकाकडच्या अभ्यासिकेत बसून जे जे वाचून राहिलो ते सगळं विरोधी बाजूच्याच कामाचं निघून राहिलं बाप्पा.

पाकिस्तानचंच घ्या. 1976 ची सायमिंग्टन दुरुस्ती (अमेरिकेच्या कायद्यातली), म्हणजे तपासणी न मानता युरेनियम समृद्धीचं, म्हणजे युरेनियम बॉम्बजोगं करायचं सामान आणलं की अमेरिकेची मदत बंद. 1979 च्या एप्रिलात राष्ट्राध्यक्ष कार्टरनं ती लावली पण, अन डिसेंबरात रशियन फौजा अफगाणिस्तानात घुसल्या, की 1981 ला पुढचे राष्ट्राध्यक्ष रेगननं सूट देऊन वरून 3.2 अब्ज डॉलरचं पॅकेज दिलं! मग 1985 ची प्रेसलर दुरुस्ती, दरवर्षी राष्ट्राध्यक्षानं लिहून द्यायचं की पाकिस्तानकडे बॉम्ब नाही. रशियन तिथं होते तोवर बरोब्बर लिहून मिळालं, 1990 ला नाही मिळालं. एफ-16 विमानं अडकली, पण 1998 ला चगाईत स्फोट झालेच.

आपल्यावरही पोखरणनंतर निर्बंध आले, जपाननं नवं कर्ज थांबवलं, तर स्टेट बँकेनं परदेशातल्या भारतीयांसाठी रिसर्जंट इंडिया बाँड (कर्जरोखे) काढून चार अब्ज डॉलरच्या वर जमवले. अन अमेरिकेनं जुलैतच गव्हाला सूट दिली, कारण पाकिस्तान त्यांच्या शेतकऱ्यांचं मोठं गिऱ्हाईक. आता मी बोलू काय?

उत्तर: भाऊ, तू तोडलेली मदत शोधून राहिला, तोडायची धमकी शोध. दक्षिण कोरिया फ्रान्सकडून रिप्रोसेसिंग प्लांट घेणार होता, म्हणजे वापरलेल्या अणुइंधनातून बॉम्बच्या कामाचं प्लुटोनियम काढायचा कारखाना. अमेरिकेनं अणुभट्टीचं कर्ज अडवायची भाषा केली, वर सैन्याचं संरक्षण होतंच, 1976 च्या सुरुवातीला करार गुंडाळला. जो देश तुमच्या छत्रीखाली उभा आहे तो ऐकते. पाकिस्तानची गरज तर 1981 ला अमेरिकेलाच होती, मग कायले ऐकंल?

धागाकर्ता: भारी! पण विषयात 'तोडा' आहे, परीक्षक पकडतील न?

उत्तर: पकडू दे. तोडायची तयारीच नसती तर धमकीला भ्यालं कोण असतं, असं विचार उलट. फक्त कोरियाचं प्रकरण सायमिंग्टनच्या आधीचं आहे, ते त्या कायद्याच्या खात्यात टाकू नको, समोरचा तिथंच धरंल.